रोमचा ऱ्हास आणि येरवड्याचा उतार

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची साधी कैद फर्मावण्यात आली आणि त्याच महिन्यात साबरमतीहून त्यांची रवानगी पुण्यानजीकच्या येरवडा तुरुंगात झाली. तेथे त्यांनी आपला दिवस सूतकताई आणि वाचन यांत वाटून टाकला. समग्र महाभारत वाचण्याचा योग त्यांना याच कारावासात आला, आणि त्याच्याच जोडीला त्यांनी एडवर्ड गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा व नाशाचा सुप्रसिद्ध इतिहासही हाती घेतला. शिक्षा सहा वर्षांची आणि ग्रंथही सहा खंडांचा, हा मेळ चांगला जमला होता. आपण रोमचे वारस आहोत अशी ज्या साम्राज्याची प्रौढी, त्याच्याच तुरुंगात त्याच्याच सर्वांत मोठ्या कैद्याने रोम कसे कोसळले याचा अभ्यास करावा, हा प्रसंग खुद्द गिबनलाही लिहावयास आवडला असता. असली उपरोधिक स्थळे तो कधी वाया जाऊ देत नसे.

ज्या गावच्या हद्दीत हे वाचन चालले होते, त्या गावाजवळच मुळामुठेच्या पात्रात, त्यापूर्वी १०५ वर्षे, एका दुसऱ्या राज्याचा शेवट झाला होता. नदी पायी ओलांडण्याच्या जागेस मराठीत उतार म्हणतात. येरवड्याच्या उतारावरून १६ नोव्हेंबर १८१७ रोजी सायंकाळी इंग्रजी फौज पलीकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी पुणे शहर त्यांच्या स्वाधीन झाले. रोमचा ऱ्हास समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही, ते यामुळे.

गिबन आणि महाराष्ट्र यांच्या कालगणनेत एक विलक्षण जवळीक आहे. हा ग्रंथ लिहिण्याची प्रथम कल्पना त्याला सुचली ती १५ ऑक्टोबर १७६४ रोजी, रोममधील कॅपिटॉल टेकडीच्या भग्नावशेषांत बसला असता. पानिपत होऊन त्या वेळी पावणेचार वर्षे लोटली होती आणि पुण्यात थोरले माधवराव मोडलेला डाव सावरीत होते. पहिला खंड १७७६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात पुरंदरचा तह झाला. अखेरचे तीन खंड १७८८ मध्ये आले, तेव्हा नाना फडणिसांचा अंमल चालू होता. एका साम्राज्याच्या अंताची कथा लंडनमध्ये छापली जात होती आणि दुसऱ्याच्या अंताची सामग्री इकडे गोळा होत होती.

रोम का पडले? या प्रश्नास आजवर इतकी उत्तरे दिली गेली आहेत की अलेक्झांडर डेमांड्ट या जर्मन पंडिताने १९८४ मध्ये त्यांची मोजदाद केली, तेव्हा ती २१० भरली. शिशाचे नळ, हिवताप, दासप्रथा, ख्रिस्ती धर्म, जमिनीचा कस, स्नानगृहांचा शौक, काहीही सुटलेले नाही. त्यातले जे उत्तर आपल्याकडील सुशिक्षित घरांत सर्वांत आवडीने सांगितले जाते, ते म्हणजे विलास. लोक चैनी झाले, राजे दुराचारी झाले, म्हणून राज्य बुडाले. रोमच्या बाबतीत मेजवान्यांची वर्णने पुढे केली जातात आणि दुसऱ्या बाजीरावाच्या बाबतीत नाटकशाळांची. हे उत्तर ऐकावयास बरे वाटते, कारण त्यात ऐकणाऱ्याचा स्वतःचा दोष निघत नाही. परंतु तारखांच्या कसोटीस ते उतरत नाही.

कॅलिग्युला आणि नीरो हे दुराचाराचे मेरुमणी इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेले. त्या वेळी साम्राज्य ऐन भरात होते आणि त्यानंतर त्याने आणखी चारशे वर्षे काढली. उलट २४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम शहर लुटले, तेव्हा गादीवर असलेला होनोरियस हा धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता; त्याच्या हातून मोठे पाप कोणते झाले असेल तर ते स्वस्थ बसण्याचे. रोम गेले ही बातमी कळताच आपली रोम नावाची आवडती कोंबडी मेली असे समजून तो हळहळला, आणि शहर गेले असे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, अशी कथा प्रोकोपियसने लिहून ठेवली आहे. ती अक्षरशः खरी नसावी. पण जी कथा लोकांना शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही सांगावीशी वाटते, तीत राजाविषयीची त्यांची कल्पना तरी खरी असते. दुसरा बाजीरावही स्नानसंध्या, व्रते, ब्राह्मणभोजने यांत कसूर करणारा नव्हता. त्याच्या नाटकशाळांपेक्षा त्याच्या जमाखर्चाच्या वह्या जास्त बोलक्या आहेत.

या जमाखर्चाचे स्वरूप ज्याने नोंदवून ठेवले, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचा त्याला मोठा व्यासंग. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, संगमावरील त्याचा बंगला मराठ्यांनी जाळला, त्यात त्याचा ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला. दोन वर्षांनी, १८१९ मध्ये, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी त्याने जो अहवाल सादर केला, त्यातील मामलतीसंबंधीचा भाग पुनःपुन्हा वाचण्याजोगा आहे. लेखक जेत्यांपैकी असल्याने तो सावधपणे वाचला पाहिजे हे खरे. पण तपशील असा आहे की तो केवळ द्वेषाने सुचत नाही.

नाना फडणिसांच्या काळापर्यंत मामलतदार हा बहुधा माहितगार आणि टिकून राहणारा अधिकारी असे. आज वसूल जास्त ओढला तर उद्या गाव ओस पडेल, ही जाणीव त्याला असे. बाजीरावाच्या अमदानीत मामलती लिलावात निघाल्या. हुजुरातल्या मंडळींनीच चढाओढीने बोली बोलाव्यात, जो मागे सरेल त्याच्यावर इतराजी व्हावी, असा प्रकार सुरू झाला. मक्ता घेणाऱ्याने तो पोटमक्त्याने दुसऱ्यास द्यावा, त्याने तिसऱ्यास, अशा पायऱ्या उतरत हा व्यवहार थेट गावापर्यंत येई. पाटलाने आपल्याच गावचा मक्ता अवाच्या सवा रकमेला घेण्याचे नाकारले, तर तो परक्याच्या हाती जाई. मक्ता केव्हा मोडेल याचा नेम नाही, म्हणून हाती आहे तोवर ओरबाडून घेणे हाच शहाणपणा ठरे. रयतेने फिर्याद न्यावी कोणाकडे? न्याय करणारा आणि वसूल करणारा एकच.

आता रोमकडे वळावे. तिसऱ्या शतकात स्वाऱ्या, बंडे आणि साथीचे रोग यांनी रोमन राज्याचा खर्च बेसुमार वाढला. तो भागविण्यासाठी प्रथम नाण्यात खोट घालण्यात आली. ऑगस्टसच्या वेळी जवळजवळ शुद्ध असलेले चांदीचे नाणे सुमारे २७० पर्यंत इतके हिणकस झाले की त्यात चांदी शेकडा पाचांहूनही कमी उरली. भाव भडकले, तेव्हा डायोक्लेशियन बादशहाने ३०१ मध्ये हजाराहून अधिक जिनसांच्या व मजुऱ्यांच्या कमाल किमती ठरवून देणारा हुकूम काढला. मोडणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली. माल बाजारातून नाहीसा झाला, हुकूम कागदावर, नव्हे दगडावर, राहिला. त्यानंतर नगरोनगरीच्या सभांचे सभासद, म्हणजे गावोगावचे सुखवस्तू गृहस्थ, यांना सरकारी वसुलास जातीने जबाबदार धरण्यात येऊ लागले. वसूल कमी पडला तर तूट त्यांच्या मिळकतीतून भरून घ्यावयाची. पूर्वी जो मान होता, तो आता फास झाला. हे लोक नगरसभेतून पळून सैन्यात, मठांत, कोठेही शिरू लागले, तेव्हा त्यांना परत धरून आणण्याचे कायदे करावे लागले. बापाचे सभासदत्व मुलाच्या गळ्यात बांधण्यात आले आणि ३३२ च्या एका कायद्याने पळून गेलेल्या कुळास बेडी घालून जमिनीवर परत आणण्याची मुभा मिळाली.

पाचव्या शतकाच्या मध्यास मार्सेय येथील साल्व्हियन नावाच्या धर्मोपदेशकाने जे लिहून ठेवले आहे, ते या साऱ्याचे फळ होय. श्रीमंत कर ठरवितात आणि गरीब तो भरतात, म्हणून चांगल्या कुळातली माणसेही रानटी गॉथांच्या मुलखात आश्रयास जातात, अशी त्याची तक्रार आहे. एके काळी ज्या नागरिकत्वासाठी लोक पैसे मोजीत आणि जे २१२ मध्ये कॅराकॅला बादशहाने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र प्रजाजनांस देऊन टाकले, तेच टाकून माणसे पळत होती. साल्व्हियनची भाषा प्रवचनकाराची आहे, तिच्यातली अतिशयोक्ती वजा करावी लागते. वजा करूनही उरते ते थोडे नाही.

लष्कराची कथा याहून निराळी नाही. ३७६ मध्ये हूणांच्या भीतीने पळालेल्या गॉथांना डॅन्यूब नदी उतरून आत येण्याची परवानगी मिळाली. रोमन अधिकाऱ्यांनी त्या उपाशी लोकांना कुत्र्याचे मांस विकले आणि मोबदल्यात त्यांची मुले गुलाम म्हणून घेतली, असे आमियानस हा त्या काळचाच इतिहासकार सांगतो. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट ३७८ रोजी, एड्रियानोपलच्या रणांगणावर त्याच गॉथांनी व्हॅलेन्स बादशहासकट रोमन सैन्य कापून काढले. पुढे रोमने गॉथांच्या टोळ्याच्या टोळ्या करारावर चाकरीस ठेवल्या. सेनापतीही त्यांतूनच निघू लागले. स्टिलिको हा वँडल बापाचा मुलगा पश्चिम साम्राज्याचा आधारस्तंभ होता. ४०८ मध्ये दरबारी कारस्थानाने त्याचा शिरच्छेद झाला, त्याच्या परकी शिपायांच्या बायकामुलांची ठिकठिकाणी कत्तल झाली आणि ते शिपाई उठून अलारिकला जाऊन मिळाले. त्याच वर्षी अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोने-चांदी आणि रेशमी वस्त्रे यांच्याबरोबर ३,००० पौंड मिरीही घेतली. ती मिरी हिंदुस्थानच्या किनाऱ्याची. शेकडो वर्षे रोमचे सोने आपल्या बंदरांत येत होते. तेरचे व्यापारी, चौल-कल्याणची बंदरे, कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली समुद्रदेवाची कांस्यमूर्ती ही त्या व्यापाराची खूण. रोम हे आपल्याला वाटते तितके परके नाही.

पेशवाईत हीच गोष्ट कमी वर्षांत घडली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराने पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून वसईस पळाला. तेथे ३१ डिसेंबर रोजी झालेल्या तहाने इंग्रजांच्या सहा पलटणी पेशव्यांच्या मुलखात राहावयास आल्या आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून देण्यात आला. (ऱ्हाइन नदी ओलांडून रानटी टोळ्या गॉल प्रांतात शिरल्या, त्याची परंपरागत तारीखही ४०६ सालच्या ३१ डिसेंबरचीच आहे. अशा योगायोगांना अर्थ नसतो, पण ते विसरतही नाहीत.) त्यानंतर पेशव्यांच्याच पैशाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवायती फौज दापोडीस उभी करण्यात आली. तिचा मुख्य फोर्ड. पेशव्यांचा सरदार मोरो दीक्षित याची आणि फोर्डची मैत्री होती. खडकीच्या लढाईत ही फौज, जिने पेशव्यांचे अन्न खाल्ले ती, इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली आणि तिच्यावर चाल करून गेलेला मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडला. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता.

पुढे अकरा दिवसांनी येरवड्याचा प्रसंग आला. जनरल स्मिथ आपली फौज घेऊन १३ नोव्हेंबरास नदीच्या अलीकडे येऊन ठेपला होता. १६ तारखेस सायंकाळी कर्नल मिल्न्सची तुकडी उताराने पलीकडे गेली. मराठ्यांनी तोफा-बंदुकांनी तिला अडविण्याचा प्रयत्न केला, माणसे पडली, पण तुकडी पलीकडच्या काठावर पाय रोवून राहिली. रात्रीतूनच बाजीरावाने साताऱ्याची वाट धरली. १७ तारखेच्या पहाटे इंग्रज लढण्याच्या तयारीने पुढे सरकले, तो छावणी ओस पडलेली. त्याच दिवशी शहर त्यांच्या ताब्यात गेले आणि शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले. अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्या राज्याची राजधानी गल्लोगल्ली लढली नाही. या गोष्टीचा दोष पुणेकरांच्या भित्रेपणावर टाकणारे टाकतात. पण सावकार, शेतकरी, शिपाई यांपैकी कोणाचे काय त्या वाड्यात उरले होते की त्यासाठी त्यांनी प्राण द्यावेत? बापू गोखल्यासारखे जे लढले, ते पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला लढत लढत मेले. त्यांच्यापाशी निष्ठा होती. लिलावात गेलेल्या मुलखाने ती कोठून आणावी?

शेवटाची रीतही दोन्हीकडे जवळजवळ तीच. ४ सप्टेंबर ४७६ रोजी ओडोएसरने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरवयाच्या अखेरच्या बादशहास पदच्युत केले. ठार मारले नाही, वर्षाला ६,००० सुवर्णनाण्यांची नेमणूक देऊन नेपल्सजवळच्या एका वाड्यात धाडून दिले. राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलच्या झेनो बादशहाकडे पाठविली आणि त्याच्या नावाने राज्य चालविले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, त्याला वर्षाला ८ लाखांची नेमणूक ठरली आणि गंगाकाठी ब्रह्मावर्तास राहावयास पाठविण्यात आले. इकडे त्याच वर्षी साताऱ्यास प्रतापसिंह छत्रपतींना गादीवर बसवून जुन्या नावाचा मान राखण्यात आला. वतने, इनामे, वर्षासने चालू राहतील, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे जाहीर झाले. इटलीत थिओडोरिक गॉथाच्या पदरी बोएथियस आणि कॅसिओडोरस यांसारखे विद्वान राहिले, तशी पुण्यातही दक्षिणेची रक्कम एकदम बंद झाली नाही. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली. रोमच्या रंगभूमीवर ५२३ पर्यंत पशूंच्या झुंजी होत होत्या. बुडणे इतके शांतपणे होते, की बुडणाऱ्याला पाणी गळ्याशी येईपर्यंत ते कळत नाही.

यावरून दोन्ही कथा एकच आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. रोमन साम्राज्य पश्चिमेस पडले, पूर्वेस ते आणखी जवळजवळ हजार वर्षे, १४५३ पर्यंत, टिकले. हा मोठा अपवाद कर आणि भाडोत्री शिपाई यांच्या हिशेबात सहजी बसत नाही. रोमवर चालून आलेले लोक त्या मुलखात राहिले, तेथल्याच भाषा बोलू लागले; इंग्रज सात समुद्रांपलीकडून आले आणि परत गेले. अलीकडील संशोधकांचे मतही दुभंगलेले आहे. पीटर ब्राउनने १९७१ मध्ये या काळास ऱ्हासाचा न म्हणता स्थित्यंतराचा काळ म्हटले. २००५ मध्ये ब्रायन वॉर्ड-पर्किन्सने खापरे, कौले आणि गुरांची हाडे मोजून दाखविले, की साम्राज्य गेल्यावर सामान्य माणसाच्या घरावरचे कौल आणि ताटातले चांगले भांडेही गेले. २०१७ मध्ये काइल हार्परने हवामान आणि साथी यांना पुढे आणले. ज्या पिढीला ज्याची धास्ती, ते कारण ती पिढी रोममध्ये शोधते, असे दिसते. जेम्स ब्राइसने १९०१ मध्ये रोमन साम्राज्य आणि हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्य यांची तुलना केली, ती राज्यकर्त्याच्या आत्मविश्वासाने. एका शतकानंतर अमेरिकेत तोच प्रश्न, आपण रोम झालो आहोत काय, असा काळजीच्या सुरात विचारला गेला.

येरवड्याच्या कैद्याची दृष्टी यांपैकी कोणाचीच नव्हती. सुटकेनंतर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त आपल्या तुरुंगातील वाचनाविषयी लिहिताना गांधींनी सांगितले, की आपल्या पूर्वजांनी इतिहास या नावाने आज जे ओळखले जाते त्याकडे दुर्लक्ष केले आणि थोड्याशा घटनांवर तत्त्वज्ञानाची इमारत रचली, महाभारत ते हेच, आणि गिबन हा त्याचीच कमी प्रतीची आवृत्ती. इतिहासाच्या अभ्यासकास हे मत पटणे कठीण आहे. तारखा टाकून दिल्या तर कॅलिग्युला आणि होनोरियस यांतला चारशे वर्षांचा फरकही जातो, आणि मग विलासाने राज्य बुडाले ही आवडती समजूत पुन्हा खरी वाटू लागते. तरी एका गोष्टीत महाभारताचा आधार गिबनपेक्षा बळकट आहे: तेथे पराभव युद्धभूमीवर ठरत नाही, त्याआधी फार पूर्वी, सभेत फासे पडतात तेव्हा ठरतो. पुण्याच्या हुजुरात मामलतींचे लिलाव चालले होते, तेव्हा येरवड्याच्या उतारावर कोणी शत्रू उभा नव्हता.

गांधींचे वाचन सहा वर्षे चालले नाही. १२ जानेवारी १९२४ रोजी ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीस शिक्षेचा उरलेला भाग माफ होऊन ते सुटले. ज्या साम्राज्याने त्यांना कोंडले होते, त्याची त्या दिवशी या देशातली साडेतेवीस वर्षे बाकी होती.